बुटक्यांच्या राजाचे डोळे

मी एक जुना ब्रश आहे. आज माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी माझं टोक असं होतं की बोटाएवढ्या बुटक्याच्या डोळ्यात मी बाहुली काढत असे. आता माझे केस चहूकडे पसरलेत, गळ्यापाशी एक काळा डाग कायमचा बसलाय आणि दांड्यावरची सोनेरी अक्षरं पुसून गेलीत. तरी मित्रांनो, मला केरात टाकायची घाई करू नका. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ज्यांच्या घरात ती घडली त्यांनाही ती पुरती ठाऊक नाही.

माझा जन्म फार दूरच्या देशातला. थंड मुलखात मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी असतो, त्याच्या शेपटीचे केस माझ्या डोक्यावर आहेत. शेपटी घेताना त्याला कुणी विचारलं होतं का, हे मला माहीत नाही. बहुधा नसावं. एका कारागीर बाईनं ते केस निवडले, टोकं जुळवली, धातूच्या नळीत घट्ट बसवले आणि मला लाकडी दांडा दिला. शेवटी तिनं मला पाण्यात बुडवून एक झटका दिला. सगळे केस एका टोकाशी आले तशी ती मान हलवून हसली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून समुद्र ओलांडला आणि कुठंकुठं फिरत मुळशी तालुक्यातल्या माण गावात येऊन पोचलो.

मला मागवलं होतं मृण्मयीनं. मृण्मयी मूळची नाशिकची, माणच्या कंपनीत नोकरीला. संगणकातल्या चुका शोधून काढायच्या हे तिचं काम. ती हैबतरावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. हैबतराव गावातले जुने शेतकरी. जमीन कंपन्यांच्या रस्त्यांत आणि इमारतींत गेली, उरल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या. जिथं त्यांचे बैल बांधलेले असायचे तिथं आता भाडेकरूंच्या दुचाक्या उभ्या असतात. हैबतराव रोज सकाळी त्या दुचाक्या एका रांगेत लावतात. हाताला वळण पडलेलं, ते जातंय कुठं?

मृण्मयीला एक आगळाच नाद होता. टेबलावर लढायांचा खेळ. खोटे डोंगर, खोटी झाडं मांडायची, दोन बाजूंनी दोन फौजा उभ्या करायच्या, फासे टाकायचे आणि फूटपट्टीनं मोजून सैनिक पुढं सरकवायचे. तिची फौज बुटक्यांची. आखूड पाय, रुंद छाती, गुडघ्यापर्यंत दाढ्या, हातात कुऱ्हाडी. हे बुटके डोंगर खणून त्यात राहतात, चालतात सावकाश, पण मागं हटत नाहीत, असं ती कौतुकानं सांगायची. अडचण एकच होती. बुटके करड्या प्लास्टिकचे यायचे, आणि ते रंगवायचे आपणच. हा खेळ खेळणाऱ्या तिच्या मंडळींचा वर्षातून एकदा म्हाळुंग्याच्या एका सोसायटीत मेळावा भरायचा, त्यात बिनरंगाची फौज टेबलावर ठेवू देत नसत.

मृण्मयीनं माझ्याकडून पहिला बुटका रंगवून घेतला, तो चकणा झाला. दुसऱ्याचे डोळे तर कपाळावर गेले. नेमकी तेव्हा हैबतरावांची सून साधना गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन दारावरून चालली होती. तिनं आत डोकावलं.

"अगं, ह्याला भूत दिसलंय का काय?" ती म्हणाली आणि कपड्यांत तोंड खुपसून हसली.

"मग तूच करून बघ ना, साधनाताई," मृण्मयी चिडून म्हणाली. "खूप त्रासदायक काम आहे."

साधनानं कपडे खाटेवर टाकले, मला उचललं, आणि मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं की मी समुद्र ओलांडून आलो तो या हातासाठी. तिनं दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली. माझं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि गोल फिरवून बाहेर काढलं, कुणी न शिकवता. मग तिनं श्वास धरला. एक पांढरी रेघ, तिच्यावर एक काळा ठिपका. तिसरा बुटका जागा झाला आणि आमच्याकडे रोखून बघायला लागला.

"ओ माय गॉड," मृण्मयी म्हणाली. तिची अख्खी फौज त्याच दिवशी साधनाकडे गेली.

साधना ताम्हिणीची. माहेरी पाऊस असा की चार महिने अंगणात रांगोळी टिकायची नाही. म्हणून ती चुलीपुढच्या सारवलेल्या जागेवर बोटभर रांगोळ्या काढायची. लहान जागेत मोठं काम करायची सवय तिला तिथंच लागली असणार. लग्न होऊन माणला आली, स्वयंपाकपाणी, खोल्यांची देखभाल, भाडेकरूंची हजार गाऱ्हाणी यांत तिची बोटं नुसती भांडी आणि कपडे ओळखायला लागली. आता दुपारी सगळी आवराआवर झाली की माजघराच्या खिडकीपाशी तिचं छोटं टेबल लागू लागलं. एका डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंगांचे थेंब, म्हणजे ते लवकर वाळत नाहीत. डोळ्यांवर पट्ट्याचं भिंग. आणि पाण्याच्या पेल्याशेजारी आम्ही ब्रश मंडळी, आडवी निजलेली. साधना आम्हाला पाण्यात कधी उभं ठेवत नसे. डोक्यावर उभं राहिलं की आमचं टोक वाकतं, हे तिनं एकदा ऐकलं आणि कायमचं लक्षात ठेवलं.

सुरुवातीला घरात थोडा गोंधळ झाला. बुटक्यांना आधी काळ्या रंगाचा फवारा मारायचा असतो, त्याशिवाय वरचा रंग धरत नाही. साधनानं तो गच्चीवर मारला. वारा कुठल्या बाजूचा हे बघितलं नाही, आणि सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांची एक रांग काळी पडली. तुळजाबाईंनी खालच्या गल्लीला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. साधनानं पुन्हा गहू भिजवले, चौथ्या दिवशी पहाटे उठून चीक शिजवला, कुरडया घातल्या, तेव्हा त्या गप्प झाल्या. पुढं त्याच तुळजाबाई पदरानं भिंगाची काच पुसून द्यायच्या आणि म्हणायच्या, "तेवढा रंग तोंडात घालू नगं गं बाई. जेवाय काय कमी हाय का आपल्याकडं?"

साधना प्रत्येक बुटक्याला नाव द्यायची. ढोलवाला होता, त्याचं नाव गेणबा. गावच्या जत्रेत ढोल बडवणारा खरा गेणबा असाच गाल फुगवून वाजवतो म्हणे. एकाच्या कपाळाला आठ्या, तो लाइटबिल घेऊन येणारा. एक हसरा, तो तिचा मामेभाऊ. माझ्या टोकानं तिनं गेणबाच्या ढोलाच्या पट्ट्यावर शिवण काढली, बोटांना नखं काढली, आणि नखांत माती भरली. प्लास्टिकच्या माणसाच्या नखात माती! मृण्मयी म्हणाली, एवढं कुणी बघणारसुद्धा नाही. साधना म्हणाली, "खणणारी माणसं हायेत ना ही? मग हात कसं स्वच्छ असतील?"

ते माझे सोन्याचे दिवस होते. पण मित्रांनो, माझ्या मालकिणीच्या मनात एक सल होता आणि तो मला दांड्यातून जाणवायचा. घरात या कामाला नाव होतं 'भाडेकरणीच्या बाहुल्या.' हे नाव हैबतरावांनी ठेवलेलं. ते येताजाता टेबलाकडे बघत, पण थांबत नसत. एकदा पौडहून त्यांचे कुणी सोयरे आले होते. ओसरीवर चहा चालला होता. पाहुण्यांनी विचारलं, सूनबाई काय करते? आत साधना एका बुटक्याच्या पट्ट्याचं बक्कल रंगवत होती. मी तिच्या बोटांत होतो. हैबतराव म्हणाले, "काय न्हाई. घरीच असती." मी बक्कलाच्या बाहेर घसरलो. बक्कल पुन्हा करावं लागलं.

तिला काय हवं होतं ते मी सांगतो. सासऱ्यानं एकदा खाली वाकून बघावं आणि एखादा बरा शब्द बोलावा. बस. नवरा अमोल तिला 'भारी, भारी' म्हणायचा, पण तो कंपनीच्या गाड्यांवर दिवसभर बाहेर, आणि त्याला मटणाचा रस्साही भारी आणि बुटकेही भारी. घरात शब्दाला वजन होतं ते हैबतरावांच्या.

मेळावा जवळ आला. सगळी फौज तयार झाली होती, राहिला होता एकटा राजा. राजाला साधनानं मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. त्याचा झगा झाला, मुकुट झाला, चेहऱ्याचा रंग झाला. डोळे आणि दाढी नंतर निवांत करू, असं ठरवून तिनं मला धुतलं, टोकाला साबण लावून आकार दिला आणि आडवं ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरात लगबग होती. हैबतरावांच्या पुतणीचा, उत्कर्षाचा, साखरपुडा होता पौडला, आणि सगळ्यांना जायचं होतं.

आता हैबतरावांच्या मिशीबद्दल सांगायला हवं. ती मिशी गावात प्रसिद्ध आहे. भरघोस, दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि कुठल्याही समारंभाच्या सकाळी काळीभोर. त्यासाठी कलप लागतो, आणि कलपाला ते एक जुना दातांचा ब्रश वापरत. तो ब्रश तुळजाबाईंनी शेगडी घासायला घेतला होता. हैबतराव वाटीत कलप कालवून बसले आणि ब्रश मिळेना. वाटीतला कलप तर घट्ट व्हायला लागलेला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. आणि मित्रांनो, त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. त्यांनी मला त्या काळ्या, उग्र वासाच्या चिखलात गळ्यापर्यंत बुडवलं. आणि खरं सांगायचं तर, मी काम चोख केलं. सवय वाईट असते. केसन् केस काळा केला, ओठाच्या कडेला एक ठिपका लागू दिला नाही. हैबतराव आरशात मान इकडून तिकडं वळवून खूश झाले. "आयला, झ्याक हाय की ह्यो," असं म्हणून त्यांनी मला टॉवेलला पुसलं. मग त्यांच्या हिशेबानं अगदी नीटनेटकेपणानं, पेल्यातल्या पाण्यात डोक्यावर उभं केलं आणि ते फेटा बांधायला गेले.

सगळे पौडला गेले ते रात्री मुक्कामच करून आले. तोवर मी तसाच उभा. कलप माझ्या नळीत शिरला, तिथं आवळत गेला. टोक गळासारखं वाकलं. पौडला त्या मिशीचं कौतुक झालं असेल, मला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साधना राजाचे डोळे काढायला बसली. तिनं मला पेल्यातून उचललं आणि वाकलेलं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. मग साबण, कोमट पाणी, पुन्हा साबण. तिनं मला ओठांत धरलं आणि लगेच थुंकली. माझे केस सुकले तसे खराट्यासारखे फाकले. तिनं ओसरीवर येऊन विचारलं, "माझ्या ब्रशाला कुणी हात लावला व्हता?"

"मीच घेतला व्हता," हैबतराव सरळ म्हणाले. लपवायचं काही आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. "मिशीला. लई बेस काम करतोय."

साधना सासऱ्याला मामा म्हणते, आणि लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "मामा, मी कदी तुमची वस्तू न इचारता घेतली का? तुमच्या पेटीला, तुमच्या फेट्याला हात तरी लावला का?"

"एवढ्या काडीसाठी सासऱ्याला बोलती व्हय तू?"

"तुमाला काडी हाय. माझं ह्या घरात एवढंच माझं व्हतं."

तुळजाबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. हैबतराव तावातावानं उठले, "बाहुल्यांच्या नादानं तोंड सुटलंय," असं काहीतरी बोलले आणि चपला घालून बाहेर पडले. साधनानं बुटके एकेक करून खोक्यात भरले. राजा तेवढा टेबलावर राहिला, त्याचा रंग अजून ओला आहे असं ती तुळजाबाईंना म्हणाली, पण तो कधीच वाळला होता. मला तिनं वाळलेल्या पेनांच्या डब्यात खोवलं. आणि खिडकी लावून घेतली.

मृण्मयी संध्याकाळी आली, तिला सगळं कळलं. नवा ब्रश मागवला तर मेळाव्याच्या आत पोचणार नव्हता. "दुसऱ्या ब्रशनं कर ना," ती म्हणाली. बाकीचे ब्रश माझ्याहून जाड, डोळा काढायला गेलं तर गालावर पसरायचे. साधना म्हणाली, "राजा तसाच घेऊन जा. आंधळा तर आंधळा. मला आता ह्यात पडायचं न्हाई." मृण्मयीनं खूप समजावलं. साधना भाकरीचं पीठ मळत राहिली.

ते दिवस फार वाईट गेले. पेनांच्या डब्यात माझ्या शेजारी एक सुकलेलं बॉलपेन होतं, ते कधीपासून तिथं आहे ते त्यालाही आठवत नव्हतं. मला वाटलं, आपलंही हेच होणार. साधना टेबलाजवळून जाताना मान दुसरीकडं वळवायची. सासरा-सून एकमेकांशी तुळजाबाईंच्या मार्फत बोलायचे. "तिला सांग, चहात साखर कमी हाय." "त्यांना सांगा, साखर संपलीय." अमोल दोघांच्या मधे बसून मोबाइल बघायचा.

मग एका सकाळी साधना तुळजाबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली आणि हैबतराव घरात एकटे राहिले. ते माजघरात आले. साधनाच्या छोट्या खुर्चीवर कसेबसे बसले आणि राजाला उचललं. लांबून धरून बघितलं, जवळून बघितलं. दिसेना, तेव्हा त्यांनी पट्ट्याचं ते भिंग टोपीवरून डोळ्यांना लावलं. बिनडोळ्यांचा राजा त्यांच्याकडं तोंड करून उभा होता. हैबतरावांनी खोकं उघडलं आणि गेणबाला बाहेर काढलं.

ते बराच वेळ बघत होते. बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करत होतं. मग ते एकटेच पुटपुटले, "नखं बी काढल्यात. आन् नखात माती." त्यांनी स्वतःचा हात भिंगाखाली धरला. त्यांच्या नखांत आता माती नसते, जमीन गेल्यापासून नसते. त्यांनी हात खाली घेतला आणि गेणबाला परत खोक्यात ठेवला, तो जसा होता तसा, तोंड वर करून.

उठताना त्यांनी मला पेनांच्या डब्यातून काढलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि सिटी बसमध्ये बसले.

मित्रांनो, आता ऐका, कारण हाच भाग कुणाला ठाऊक नाही. पुण्यात एका पेठेत चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे. हैबतराव विचारत विचारत तिथं पोचले. दुकानात कॉलेजची मुलंमुली होती. गल्ल्यावर चष्मेवाले गृहस्थ होते. हैबतरावांनी मला काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "असाच एक द्या."

दुकानदारांनी मला उचलून बघितलं. "काका, ब्रश फार चांगला होता हो. याची ही दशा कुणी केली?"

"मी. मिशीला कलप लावला."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. हैबतराव मुळशीचे गडी, एरवी असं कुणी हसलं असतं तर त्यांनी त्याचं खानदान काढलं असतं. ते उभे राहिले. हसू संपेपर्यंत उभे राहिले, मान खाली घालून.

"नातवंडांसाठी हवा असेल तर साधा घ्या ना," दुकानदार म्हणाले.

"साधा नगं," हैबतराव म्हणाले. "आमची सून बुटकी माणसं रंगवती. एवढी, बोटाएवढी. त्यांच्या हाताला नखं हायेत आन् नखात माती हाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मी उभा जलम पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, तर निम्मा रंग माझ्याच धोतरावर. आन् ही पोरगी! असा हात आमच्या सात पिढ्यांत कुणाचा झाला न्हाई. तिच्या हाताला शोभंल असाच द्या. हलका दिऊ नका, मी अडाणी हाय म्हणून."

दुकानदारांनी आतून एक लांबट डबा आणला, काउंटरची काच पुसली, चार ब्रश पाण्यात बुडवून झटकून दाखवले. हैबतरावांनी प्रत्येकाचं टोक डोळ्यापाशी नेऊन बघितलं आणि एक निवडला. निवड बरोबर होती, मी जातभाई म्हणून सांगतो.

"सुनेला हे सगळं सांगितलंत का?" दुकानदारांनी विचारलं.

"सुनंला?" हैबतराव दचकले. "सुनंचं कौतिक तोंडावर करायचं नसतं हो. आमच्याकडं तसली रीत न्हाई." मग मला खिशात परत ठेवता ठेवता म्हणाले, "आन् आता सांगायला मला तोंड कुटंय?"

परतीच्या बसमध्ये ते दर थांब्याला खिशावर हात ठेवून बघत होते. खिशात आम्ही दोघं होतो, नवा आणि जुना. नवा थोडा घाबरला होता. मी त्याला सांगितलं, हात चांगला आहे, काळजी करू नकोस.

घरी आल्यावर त्यांनी काय केलं असेल? साधना भाजी निवडत बसली होती. हैबतरावांनी नवा ब्रश तिच्यापुढं ताटाशेजारी ठेवला. "ह्यो घे. बरूबर हाय का बघ." तिनं बघितला. तिला कळलं असणार की तो बरोबर आहे, कारण तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. "बरा हाय," ती म्हणाली. ते म्हणाले, "राजाचं डोळं ऱ्हायल्यात. एका बैलाची शिंगं रंगवून दुसऱ्याची तशीच सोडत न्हाईत." आणि टाकी भरली का बघायला गच्चीवर निघून गेले. टाकी सकाळीच भरलेली होती.

त्याच दुपारी खिडकी उघडली. नव्या ब्रशनं राजाचे डोळे काढले. हैबतरावांनी मला गुपचूप परत पेनांच्या डब्यात खोवलं होतं, तिथून मी बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण दाढी करायची वेळ आली आणि नवा ब्रश अडला. त्याचं टोक इतकं नेमकं की दाढीवर नुसत्या रेघा उठायच्या. साधनानं इकडं तिकडं बघितलं आणि मला काढलं. माझ्या फाकलेल्या केसांना तिनं किंचित पांढरा रंग लावला, तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकला, आणि उरलेल्या कोरड्या रंगानं मला दाढीवरून हलकेच फिरवलं. उंचवट्यावरचा केसन् केस उजळला, खोलगट भागात अंधार तसाच राहिला. ती दाढी वाऱ्यावर भुरभुरेल असं वाटायला लागलं. साधना हसली. मग तिनं खोकं उघडलं आणि सगळ्या फौजेच्या दाढ्या माझ्याकडून नव्यानं करून घेतल्या. तेव्हापासून मी दाढ्यांचा ब्रश आहे.

म्हाळुंग्याच्या मेळाव्याला ती गेली, ऐनवेळच्या दुरुस्तीला म्हणून मला घेऊन. मृण्मयी तिला ओढतच घेऊन गेली. एका हॉलमध्ये टेबलं, टेबलांवर डोंगर, आणि सगळीकडं फासे खडखडणारी माणसं. आमची फौज मांडली तशी लोक जमू लागले. एक जण गुडघ्यांवर बसून गेणबाची नखं बघत होता. कुणी दाढ्यांचे फोटो काढले. कुणी विचारलं, हे कुणी रंगवलं, आणि मृण्मयीनं साधनाला खांद्याला धरून पुढं केलं. साधना लाजून पदराशी चाळा करत होती. पण उत्तर तिनं स्वतः दिलं, "मी." मृण्मयी नेहमीप्रमाणं हरली. बुटके मागं हटले नाहीत, जागच्या जागी मेले.

घरी आल्यावर साधना तुळजाबाईंना सगळं सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "बाहेरची माणसं एवढं बोलली, आत्या. आपल्या घरात कुणाला कदी बघावंसं बी वाटलं न्हाई. मामांनी ब्रश आणला, पर ती भरपाई झाली. चुकलं म्हणून आणला."

"त्यांना काय कळतंय त्यातलं," तुळजाबाई म्हणाल्या.

ओसरीवर हैबतराव पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला, चेहरा झाकला गेला.

दुकानातलं ते आजही घरात कुणाला बोललेले नाहीत. साधना आता दुसऱ्या कुणाची फौज रंगवते आहे. हैबतराव दुपारी हळूच तिच्या मागं येऊन उभे राहतात. ती मान वळवून विचारते, "काय पायजे, मामा?" आणि ते म्हणतात, "काय न्हाई. टाकीचं बघाय चाललोय." मी तिच्या बोटांत असतो. माझ्या फाकलेल्या केसांत त्या दुकानातला शब्दन् शब्द आहे आणि मला एकही बाहेर काढता येत नाही.

मित्रांनो, ब्रश वापरलात तर धुवा, आडवा ठेवा, आणि दुसऱ्याचा असेल तर आधी विचारा. एवढं पाळलंत तर माझे जातभाई तुम्हाला दुवा देतील. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणी माणच्या बाजूला आलं, तर दुचाक्यांच्या रांगेमागं एक खिडकी दिसेल. तिथं भिंग लावून बसलेल्या बाईला एवढं सांगा, की तुझ्या सासऱ्यानं भर दुकानात, हसणाऱ्या पोरांपुढं, तुझ्या हाताचं कौतुक केलं होतं. आणि ओसरीवर म्हातारा पेपर धरून बसलेला असेल, तर आधी त्याला सांगा, की आता तूच तिला सांग. तो सांगेल तर जास्त बरं होईल.